घर बदलण्यास लागतात किती दिवस?

सामान बांधून टेम्पोत भरणे आणि नव्या घरात उतरविणे हे काम एका दिवसाचे. सकाळी निघालेले कुटुंब संध्याकाळी नव्या स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवते. मात्र हा एक दिवस उजाडण्यासाठी मुंबई-पुण्यातील कुटुंबांना साधारणतः दोन ते तीन महिने थांबावे लागते. कागदपत्रांत एखादी त्रुटी निघाली, तर हाच काळ सहा महिन्यांवर जातो. जुने घर विकून आलेल्या पैशांतून नवे घर घेणाऱ्यांसाठी हा विलंब केवळ गैरसोयीचा नसतो. जुन्या घराचा ताबा देण्याची तारीख जवळ आलेली आणि नव्या घराचे कर्ज अडकलेले, अशा स्थितीत मधल्या काळाचे घरभाडे, सामानाची दुहेरी ने-आण आणि प्रसंगी इसाराची रक्कमही पणाला लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुनी, म्हणजेच रिसेलची सदनिका घेताना हा काळ नेमका कोठे खर्च होतो, हे आधी समजून घेतल्यास बराचसा विलंब टाळता येतो.

इसार ते चावी

किंमत ठरली की इसार, म्हणजे टोकनची रक्कम दिली जाते. त्यानंतर खरेदीदाराचा वकील मालकीची कागदपत्रे तपासतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा शोध घेतो. यास एक ते दोन आठवडे लागतात. त्याच सुमारास कर्जाचा अर्ज केला जातो. अर्जदाराचे उत्पन्न पाहून बँक काही दिवसांत मंजुरीपत्र देते. पण मंजुरीपत्र हाती आले म्हणजे पैसे आले, असे नव्हे. घराची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन बँक स्वतंत्रपणे करून घेते. खरा वेळ तेथे जातो. हे सारे दोन ते चार आठवड्यांत आटोपते.

पुढची पायरी करारनामा आणि नोंदणीची. मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क भरलेले असेल आणि दोन्ही पक्षकार व साक्षीदार ओळखपत्रांसह हजर असतील, तर नोंदणी एका दिवसात होते. नोंदणी शुल्क किमतीच्या एक टक्का असून त्यास ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने ती मुदत टळल्यास दंड भरून आणखी चार महिन्यांपर्यंत सवलत मिळू शकते. नोंदणीनंतर बँक कर्जाची रक्कम अदा करते आणि एक-दोन आठवड्यांत ताबा मिळतो.

तुटलेली कडी

विलंबाचे सर्वात मोठे कारण म्हणजे कागदपत्रांची अपुरी साखळी. बिल्डरने पहिल्या ग्राहकाशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक करार बँकेला मुळातून हवा असतो. तीन हात बदललेल्या सदनिकेचा पहिलाच करार गहाळ असेल, तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, असा फेरा सुरू होतो. जाहीर सूचनेत हरकतीसाठी दिलेली मुदत संपेपर्यंत थांबण्याखेरीज पर्याय नसतो.

जुन्या करारांवर पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले नसणे, ही दुसरी अडचण. महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून सदनिकेच्या खरेदी करारावर अभिहस्तांतरणाप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झाले. त्यानंतरच्या काळातही अनेकांनी नाममात्र मुद्रांकावर करार केले. असा करार साखळीत निघाल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून कमी पडलेले शुल्क निश्चित करून घ्यावे लागते आणि त्यावर दरमहा दोन टक्के दंड आकारला जातो. हा भार विक्रेत्याने उचलायचा की खरेदीदाराने, या वादात आणखी काही आठवडे जातात.

मूळ मालक हयात नसल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. संस्थेकडे ज्याचे नामनिर्देशन आहे तोच मालक, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भागपत्र झाले, तरी इतर वारसांचा मालकी हक्क त्यामुळे संपत नाही. त्यामुळे सर्व वारसांनी करारावर सही करणे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणे आवश्यक ठरते. एखादा वारस परदेशात असेल, तर कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यावे लागते. परदेशात केलेल्या अशा दस्तावर तो राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते.

विक्रेत्याचे कर्ज आणि कर

विक्रेत्याच्या घरावर कर्ज असल्यास मूळ कागदपत्रे त्याच्या बँकेत असतात. अशा वेळी खरेदीदाराची बँक थेट विक्रेत्याच्या बँकेला रक्कम देते आणि कागदपत्रे नंतर तिच्या ताब्यात येतात. त्यासाठी थकबाकीचे पत्र आणि बँकेकडील कागदपत्रांची यादी विक्रेत्याने आधीच मागवावी लागते. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करण्याचे आणि स्वतःच्या चुकीने उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँका व वित्तसंस्थांवर घातले आहे. तरीही हे ३० दिवस हिशेबात धरावेत.

पन्नास लाख रुपये वा अधिक किमतीच्या घरासाठी खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करण्याची तरतूद २०१३ पासून आहे. विक्रेता अनिवासी भारतीय असेल, तर हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि बराच अधिक कर कापावा लागतो. तो कमी व्हावा यासाठी विक्रेत्याला आयकर अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्यात काही आठवडे जातात. मुले अमेरिकेत वा आखातात आणि घर पुण्यात, अशा कुटुंबांच्या व्यवहारांत हा उशीर नेहमीचा.

सोसायटीचा होकार

संस्थेचे ‘ना हरकत’ पत्र मिळेपर्यंत व्यवहार होऊच शकत नाही, अशी समजूत आहे. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी असे पत्र बंधनकारक नाही. सभासदाने हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची सूचना संस्थेला द्यायची असते. बँका मात्र कर्जासाठी हे पत्र मागतात आणि व्यवस्थापक समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते. विक्रेत्याची देखभाल शुल्काची थकबाकी असेल, तर पत्र हमखास रखडते. सभासदत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळविणे अपेक्षित आहे. हस्तांतरण अधिमूल्य महानगरपालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये, अशी मर्यादा २००१ मधील शासन परिपत्रकाने घातली. ‘देणगी’च्या नावाखाली त्याहून अधिक रकमेची मागणी झाली की वाद आणि विलंब दोन्ही सुरू होतात.

इमारत जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या शासकीय जमिनीवर किंवा नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडावर असेल, तर संबंधित कार्यालयाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क हा वेगळा टप्पा असतो. तो महिनोन् महिने लांबू शकतो. त्यामुळे जमीन कोणाची, हा प्रश्न इसार देण्यापूर्वीच विचारायला हवा.

पंचांग आणि शाळा

काही विलंब कागदांमुळे नव्हे, तर दिनदर्शिकेमुळे होतात. पितृपक्षात घराचा व्यवहार वा गृहप्रवेश करण्यास अनेक कुटुंबे तयार नसतात. गुढीपाडवा, अक्षय तृतीया आणि दसरा या मुहूर्तांना सामान वाहून नेणाऱ्यांची टंचाई भासते. घरांच्या सरकारी मूल्यदरांचे नवे तक्ते, म्हणजे रेडी रेकनर, १ एप्रिलपासून लागू होत असल्याने मार्चअखेरीस नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळते. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने मे महिन्यात घर बदलण्याकडे कल असतो. ते हुकले की गाठ पावसाशी असते. लिफ्टचा वापर आणि सामान चढविण्याच्या वेळा याविषयी अनेक संस्थांचे नियम असतात. टेम्पो ठरविण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत.

तारीख कशी ठरवावी?

टोकन देण्यापूर्वी विक्रेत्याकडून करारांची पूर्ण साखळी, भागपत्र, कर्जाची स्थिती, मालमत्ता कराची पावती आणि संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला यांच्या प्रती मागाव्यात. त्या देण्यास टाळाटाळ होत असेल, तर विलंबाची ती पहिली खूण समजावी. इसारपावतीत, कागदपत्रांतील दोषामुळे कर्ज नाकारले गेल्यास रक्कम परत मिळेल, असे कलम असावे.

जुन्या घराचा ताबा ठरावीक तारखेला देण्याचे वचन नव्या घराची नोंदणी होण्याआधी देऊ नये. द्यावेच लागले, तर पैसे मिळाल्यानंतरही एक-दोन महिने जुन्याच घरात राहण्याची मुभा करारात लिहून घ्यावी. ही मुदत ‘लिव्ह अँड लायसन्स’ने घेतल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो करारही लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. घेत असलेल्या सदनिकेत भाडेकरू असल्यास तो बाहेर पडल्यानंतरच शेवटचा हप्ता द्यावा.

जुने घर आधी विकणाऱ्यांनी घाईने चुकीचे घर घेण्याचेही कारण नाही. भांडवली नफ्यावरील करसवलतीसाठी तयार घर घेण्यास विक्रीनंतर दोन वर्षे, तर बांधून घेण्यास तीन वर्षे मिळतात. मात्र तोपर्यंत न वापरलेली नफ्याची रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.

वीजजोडणी, मालमत्ता कर आणि भागपत्रावरील नावबदल राहायला गेल्यानंतरही करता येतो. त्यासाठी गृहप्रवेश अडत नाही. तो अडतो विक्रेत्याच्या फायलीतील न सापडणाऱ्या एखाद्या कागदामुळे. म्हणून सामानाच्या खोक्यांआधी ती फाईल उघडून पाहावी आणि टेम्पोची तारीख त्यानंतरच ठरवावी.