१. जय

भिवापूर, उमरेड, कुही आणि पवनी तालुक्यांच्या रानात पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातला धिप्पाड नर वाघ. नागझिऱ्याहून शेतशिवारे, रस्ते ओलांडत तो इथे आला. एप्रिल २०१६मध्ये त्याच्या रेडिओ कॉलरचे संकेत थांबले. नंतर तो दिसलाच नाही. वर्षभराने त्याचा मुलगा श्रीनिवास नागभीड भागात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. श्रीनिवासची तुटलेली कॉलर आधी हाती लागली, पुरलेला देह मागाहून. तिकडे ध्रुवीय अस्वलांना सील पकडण्यासाठी लागणारा समुद्री बर्फ तापमानवाढीने आटतो आहे. इकडे वाघाची एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याची वाट तुटते आहे. रानडुकरांनी उभे पीक नासवले की शेतकरी हवालदिल होतो, हे खरेच. त्याला भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. पण कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे; त्यात माणसेही दगावतात.