विजेची पहिली इंजिनिअर बाई

दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला इलेक्ट्रिकलला घालायचं म्हणता, पण ते पोरांचं काम ना? आज त्यावर एक खरी हकिगत सांगते, मद्रासची, ऐंशी वर्षांपूर्वीची.

अय्यलसोमयाजुला ललिता ही तेलुगू घरातली मुलगी, जन्म १९१९चा. पंधराव्या वर्षी लग्न झालं. अठराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा पदरात चार महिन्यांची लेक, श्यामला. त्या काळी विधवेचे काय हाल असत, ते वेगळं सांगायला नको. आपल्या आज्यांनी ते भोगलंय. ललितानं शिकायचं ठरवलं. डॉक्टरकी तिला नको होती, कारण रात्री-अपरात्री बोलावणं आलं तर लेकराला कुणाजवळ ठेवायचं? हा हिशोब बाईलाच सुचतो.

वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विजेचेच प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि १९४० साली ललिताला प्रवेश मिळाला. सगळ्या कॉलेजात ती एकटी मुलगी. पुढे लीलाम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या, तेव्हा कुठे तिला सोबत झाली. पदवीच्या छापील कागदावर ‘तो’ असाच शब्द होता. बाई इंजिनिअर होईल हे छापणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मग ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावं लागलं.

जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात तिनं प्रत्यक्ष काम शिकून घेतलं. १९४८ साली ती कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागली. तिथे भावाचं घर होतं, त्यामुळे श्यामलाची काळजी मिटली. काम होतं वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे करण्याचं. आपल्या गावाबाहेरचं उपकेंद्र आठवा. तिथे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारावर येते, मग गल्लीतल्या डीपीत आणखी उतरून घरात २३० व्होल्टची होते. कुठलं यंत्र कुठे बसवायचं, बिघाड झाला तर लाइन कशी तुटावी, हे सगळं कुणीतरी आधी कागदावर मांडावं लागतं. ललिता ते मांडायची. भाक्रा नांगल धरणाच्या जनित्रांच्या कामातही तिचा हात होता. मात्र विधवेनं एकटीनं साइटवर फिरणं लोकांना खपलं नसतं, म्हणून ती टेबलावरच राहिली. इतकी हुशार बाई, पण आपण आखलेली लाइन उभी राहताना तिला पाहता आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली, तिला ती गेली. १९७७ साली निवृत्त झाली आणि दोनच वर्षांनी वारली.

आता आपल्या मुलींचं. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, डिप्लोमा तीन वर्षांचा. डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावी सायन्स करून सीईटी दिली तर पदवी चार वर्षांची. पुढे महावितरण, महापारेषण, रेल्वे, कारखाने आणि आता सोलरची कामं आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना २०२४पासून व्यावसायिक पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.