नाणेघाटातील अंक

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी तेथे आपल्या राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती कोरविल्या. आज त्या मूर्ती नाहीत. काही नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राणी नागनिकेच्या लेखात अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा दिलेल्या हजारो गाईंची व नाण्यांची मोजदाद आहे. परंतु पुढे ती ब्राह्मी लिपीच लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला, तेव्हा कुठे तो मुका दगड बोलू लागला.

मग, श्रोतेहो, या सर्व काळात न पुसलेले असे काय राहिले? त्या दक्षिणेच्या हिशेबातले अंक! शून्य त्यांत नव्हते. दहा, शंभर, हजार यांना निराळी चिन्हे होती. तरी आपले १ ते ९ हे अंक त्याच ब्राह्मी अंकांच्या वंशातले. आणि अरबांच्या हातून युरोपात गेले तेही त्याच कुळातले.

लेख कोरला कीर्तीसाठी. लोकांच्या हाती जिवंत राहिला तो हिशेब. जे लोकांच्या नित्य वापरात शिरते, ते पुसणे काळालाही साधत नाही. म्हणून इतिहास शोधताना शिलालेख जरूर वाचावेत. पण वाण्याच्या खतावणीवरही एकदा नजर टाकावी.