केळीची संकर पैदास

केळीची संकर पैदास म्हणजे केळीच्या दोन निरनिराळ्या वाणांचे हाताने परागीभवन करून, त्यांतून मिळालेल्या बीजापासून नवा वाण निर्माण करणे होय. भात, ज्वारी, कापूस, आंबा या पिकांत संकरित वाण पुष्कळ आहेत. केळीत, विशेषतः पिकवून खाण्याच्या केळीत, ते फार थोडे आहेत. खाण्याच्या केळ्यात बी नसते, हे त्याचे मुख्य कारण आहे. ज्या गुणामुळे केळे खाण्याजोगे झाले, त्याच गुणाने त्याच्या सुधारणेची वाट अडवली. भारतात हे काम १९४९ मध्ये सुरू झाले आणि 'को-१' हा पिकवून खाण्याचा संकरित वाण १९८४ मध्ये कोइमतूर येथून प्रसारित झाला.

रानकेळ आणि परसातील केळ

बियांची केळ आणि बिनबियांची केळ यांतील भेद रायगड जिल्ह्याच्या महाड व पोलादपूर या तालुक्यांत सहज पाहावयास मिळतो. सह्याद्रीच्या कड्यांवर आणि घाटांतील उभ्या उतारांवर चवई किंवा रानकेळ उगवते. तिचे शास्त्रीय नाव एन्सेट सुपर्बम असे आहे. पावसाळ्यात ती मोठ्या पानांनी डवरते आणि उन्हाळ्यात पाने वाळून केवळ बुंधा उरतो. तिला मुनवे फुटत नाहीत. आयुष्यात एकदाच घड धरून ती मरते व तिचा वंश बियांनीच चालतो. फळात गर थोडा आणि टणक काळ्या बिया फार, अशी तिची रचना असते. कोवळ्या भागांची भाजी करतात. फळ मात्र पिकले तरी केळ्यासारखे खाता येत नाही.

परसातील विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर वाढणारी केळ याच्या अगदी उलट असते. तिच्या फळात बी नसते आणि तिची लागवड कंदापासून फुटणाऱ्या मुनव्यांनी होते. मुनवा हा मूळ झाडाचाच भाग असल्यामुळे आई व लेक यांत आनुवंशिक भेद नसतो. एका वाणाची सारी झाडे, ती कोकणातील असोत वा खानदेशातील, मूलतः एकाच झाडाची रूपे असतात.

शेजारी वाढत असली तरी चवई ही लागवडीच्या केळीची पूर्वज नव्हे. लागवडीची केळ मुसा या प्रजातीतील असून तिच्या गुणसूत्रांची मूळ संख्या ११ आहे. एन्सेट या प्रजातीत ती ९ आहे. पूर्वी चवईची गणनाही मुसा प्रजातीत होत असे. ई. ई. चीझमन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एन्सेट ही स्वतंत्र प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली. त्यामुळे संकरणासाठी लागणारे रानटी पालक मुसा प्रजातीतूनच घ्यावे लागतात.

बिनबियांच्या फळाचे रहस्य

खाण्याच्या बहुतेक केळी मुसा ॲक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून उत्पन्न झाल्या. पहिल्या जातीचा गुणसूत्रसंच 'ए' आणि दुसऱ्या जातीचा 'बी' या अक्षराने दाखवतात. सिमंड्स व शेफर्ड यांनी १९५५ मध्ये १५ बाह्य लक्षणांच्या आधारे या संचांनुसार वाणांचे वर्गीकरण केले. बसराई व ग्रँड नैन हे वाण 'एएए', राजेळी 'एएबी', तर सफेद वेलची 'एबी' गटात मोडते.

केळे बिनबियांचे होण्यास दोन गोष्टी कारणीभूत आहेत. पहिली अनिषेकफलन, म्हणजे फलधारणेसाठी परागकणांची गरज न लागणे. दुसरी वंध्यत्व. बहुसंख्य वाण त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्या पेशीत प्रत्येकी ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३ गुणसूत्रे असतात. जननपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागून त्यांची समान वाटणी व्हावी लागते. दोन संचांची वाटणी सरळ होते. तीन संचांची होत नाही. त्यामुळे परागकण व बीजांडे बहुधा निकामी राहतात. पिकलेले केळे मधून कापल्यावर दिसणारे बारीक काळे ठिपके ही वाढ न झालेली बीजांडे होत.

संकरणाची पद्धत

त्रिगुणित वाण पूर्णपणे वांझ नसतात. काहींमध्ये क्वचित एखादे बीजांड वाटणी न होताच, ३३ गुणसूत्रांसह, तयार होते. पैदासकार या अपवादाचाच उपयोग करतो. त्रिगुणित मादी वाणावर रोगप्रतिकारक द्विगुणित नर वाणाचे पराग टाकले की ३३ अधिक ११ अशी ४४ गुणसूत्रांची चतुर्गुणित संतती मिळू शकते. तिचा पुन्हा द्विगुणित वाणाशी संकर केल्यास २२ अधिक ११ अशी ३३ गुणसूत्रांची, म्हणजे पुन्हा त्रिगुणित आणि म्हणून बहुधा बिनबियांची संतती मिळते.

प्रत्यक्ष काम कष्टाचे आहे. केळफुलाच्या वरच्या फण्यांवर प्रथम मादी फुले उमलतात. त्यांचीच पुढे केळी होतात. ही फुले उमलण्यापूर्वीच केळफुलावर पिशवी बांधतात, म्हणजे कीटक व वटवाघळे यांच्यामार्फत परके पराग येत नाहीत. रोज सकाळी नुकत्याच उघडलेल्या फणीवर नर वाणाचे ताजे पराग लावतात आणि पिशवी पुन्हा बांधतात. मादी फुले संपेपर्यंत हा क्रम चालतो. घड पक्व झाल्यावर फळे पिकवून, कुस्करून, गर चाळणीतून गाळतात व बी शोधतात. अनेकदा सबंध घडात एकही बी सापडत नाही. सापडलेले बी जमिनीत पेरल्यास सहसा रुजत नाही. म्हणून त्यातील भ्रूण काढून प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवतात. यास भ्रूणसंवर्धन म्हणतात.

या कामाची कल्पना होंडुरासमधील एका प्रयोगावरून येते. तेथे ग्रँड नैन व विल्यम्स या कॅव्हेंडिश गटातील वाणांच्या सुमारे २०,००० घडांचे हाताने परागीभवन करण्यात आले. त्यांतून सुमारे २०० बिया मिळाल्या आणि त्यांपैकी ४० बियांतच जगण्याजोगे भ्रूण होते.

रोप मिळाल्यावर खरी निवड सुरू होते. झाडाची उंची, घडाचे वजन, रोगप्रतिकार आणि मुनव्यांची संख्या यांची नोंद करतात. पिकवून खाण्याच्या केळीची कसोटी अधिक कठोर असते, कारण तिच्यात चव, गंध, गराचा मऊपणा, सालीचा रंग व टिकाऊपणा हेही पाहावे लागते. चतुर्गुणित संकरांची फळे पिकल्यावर देठातून गळण्याचा दोष पुष्कळदा आढळतो. रोगाला दाद न देणारी अनेक झाडे चवीच्या किंवा टिकाऊपणाच्या कसोटीवर बाद होतात.

इतिहास

केळीच्या पद्धतशीर संकरणाचा आरंभ त्रिनिदाद येथील उष्णकटिबंधीय कृषी महाविद्यालयात १९२२ मध्ये झाला. जमैकात १९२४ मध्ये असेच काम सुरू झाले. त्यामागे पनामा रोगाचे भय होते. जमिनीतील फ्युसारियम बुरशीमुळे होणारा हा मर रोग मुळांतून झाडात शिरतो, झाडाच्या जलवाहिन्या बंद पाडतो आणि त्याची बुरशी जमिनीत अनेक दशके टिकून राहते. निर्यातीच्या बागांत त्या काळी ग्रोस मिशेल हा एकच वाण होता. या रोगाने त्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. ही अदलाबदल संकरणाने साधलेली नव्हती. कॅव्हेंडिश हा जुनाच गट होता व तो त्या वेळच्या बुरशीला प्रतिकारक निघाला.

होंडुरासमध्ये युनायटेड फ्रूट कंपनीने १९५९ मध्ये पैदास कार्यक्रम हाती घेतला. १९८४ मध्ये तो होंडुरास कृषी संशोधन प्रतिष्ठानाकडे आला. तेथे फिलिप रो यांनी प्रथम चांगले द्विगुणित नर पालक तयार करण्यावर भर दिला. त्यांतूनच फिया-०१ किंवा 'गोल्डफिंगर' हा चतुर्गुणित वाण निघाला. पानांवरील काळा करपा आणि पनामा रोग यांना तो चांगला प्रतिकार करतो. त्याची चव किंचित आंबूस असल्याने कॅव्हेंडिशची सवय असलेल्या बाजारपेठांत तो फारसा रुळला नाही. फियाच्या वाणांची लागवड क्यूबात मात्र मोठ्या प्रमाणावर झाली.

भारतातील कार्य

तमिळनाडूतील तंजावर भागात अडुतुरै येथील केळी संशोधन केंद्रात १९४९ मध्ये संकरणाचे काम सुरू झाले. पुढे ते कोइमतूर येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठात चालू राहिले. १९८४ मध्ये तेथून प्रसारित झालेला को-१ हा वाण तीन पालकांचा संकर आहे. लाडन या 'एएबी' वाणाचा मुसा बाल्बिसियानाच्या एका प्रकाराशी संकर करून मिळालेली संतती कदळी या 'एए' वाणाशी पुन्हा संकरित करण्यात आली. पळणी डोंगरातील विरूपाक्षी हे केळे स्वाद व गंधासाठी प्रसिद्ध आहे, परंतु तो स्वाद डोंगरउतारावरच नीट उतरतो. तसेच स्वाद देणारे केळे सपाट प्रदेशात पिकावे, हा को-१ मागील हेतू होता.

केरळ कृषी विद्यापीठाच्या कन्नारा येथील केंद्राने अग्नीश्वर व वन्नन या वाणांचा पिसांग लिलिन या द्विगुणित वाणाशी संकर करून अनुक्रमे बीआरएस-१ व बीआरएस-२ हे वाण तयार केले. १९९३ मध्ये तिरुचिरापल्ली येथे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र स्थापन झाले. वाणांचा संग्रह, त्यांचे मूल्यमापन व संकरण ही त्याची प्रमुख कामे आहेत.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात केळीच्या सुधारणेचा भर संकरणापेक्षा निवडीवर राहिला आहे. बसराईमधून निवडलेला श्रीमंती आणि नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसरातील अर्धापुरी ही त्याची उदाहरणे होत. पुढे ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रसाराबरोबर ग्रँड नैन हा वाण सर्वत्र पसरला. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांचे अर्थकारण मुख्यतः याच गटावर उभे आहे. 'जळगाव केळी'स २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कोकणात केळ हे मुख्यतः परसातील व कुळागरातील पीक आहे. वेलची, राजेळी, सोनकेळ असे जुने वाण येथे टिकून आहेत. राजेळी पिकवून व शिजवून, दोन्ही प्रकारे खाल्ली जाते. वसईकडे तिचे सुकेळे करतात. वेलचीचे फळ लहान, पातळ सालीचे व सुगंधी असते. आकाराने व वजनाने हे वाण ग्रँड नैनची बरोबरी करू शकत नाहीत; त्यांचे मोल त्यांच्या वेगळेपणात आहे.

ट्रॉपिकल रेस-४ या बुरशीच्या नव्या प्रकारामुळे या वेगळेपणाचे महत्त्व वाढले आहे. पनामा रोगाच्या बुरशीचाच हा प्रकार कॅव्हेंडिश गटालाही मारतो. भारतात तो प्रथम बिहारमध्ये व नंतर उत्तर प्रदेशात आढळला. २०१९ मध्ये तो कोलंबियातही पोहोचला. बाधित जमिनीतून त्याचे उच्चाटन करण्याचा व्यवहार्य उपाय उपलब्ध नाही. शेकडो एकरांवरील झाडे आनुवंशिक दृष्टीने एकच असतील तर एक झाड ज्या रोगाला बळी पडते त्याला सारा शिवार बळी पडू शकतो.

मर्यादा आणि अन्य मार्ग

संकरणाला काळ फार लागतो. लागवडीपासून फुलोऱ्यापर्यंतच कित्येक महिने जातात. पहिल्या संकरापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज लोटतात. 'बी' संचामुळे आणखी एक अडचण येते. मुसा बाल्बिसियानाच्या गुणसूत्रांत केळीवरील रेषा रोगाच्या विषाणूचे अंश मिसळलेले असतात. संकरणाच्या किंवा ऊतिसंवर्धनाच्या ताणाने ते जागृत होऊन निरोगी दिसणाऱ्या रोपातही रोग उत्पन्न करू शकतात.

म्हणून इतर मार्गही अवलंबले जातात. ऊतिसंवर्धनात आपोआप उद्भवणाऱ्या फरकांतून तैवानमध्ये पनामा रोग सहन करणारे कॅव्हेंडिश प्रकार निवडण्यात आले. किरणोत्साराने उत्परिवर्तन घडवण्याचे प्रयोगही होतात. ऑस्ट्रेलियात रानटी मुसा ॲक्युमिनाटातील प्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून तयार केलेल्या क्यूकॅव्ह-४ या वाणास २०२४ मध्ये मान्यता मिळाली. हे मार्ग प्रचलित वाणात एखादा गुण बदलतात. अनेक गुणांचा नवा मेळ मात्र संकरणातूनच साधतो.

या सर्व मार्गांना कच्चा माल लागतो तो जुन्या व रानटी वाणांचा. केळीचे बी साठवून ठेवता येत नाही, कारण लागवडीच्या केळीला बीच नसते. वाण टिकवायचा तर तो शेतात लावून किंवा प्रयोगशाळेत ऊतींच्या रूपाने जिवंतच ठेवावा लागतो. एखाद्या परसातील शेवटचे बेट उपटले गेले आणि तो वाण अन्यत्र कोठे नसला, तर तो कायमचा नाहीसा होतो.