आमच्या गावच्या वडीलधाऱ्या बायका आणि बहात्तरचा दुष्काळ



मंडळाच्या बैठकीत यंदा असे ठरले की, पाककृती आणि हळदीकुंकवाचा वृत्तांत स्मरणिकेत दर वर्षी येतोच. या खेपेस गावातील वृद्ध बायकांच्या आयुष्याची हकीगत कोणीतरी लिहून काढावी. ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे शिकल्यासवरल्या लोकांचे काम खरे, परंतु ते शिकलेले लोक आपल्या आळीत येऊन आपल्या आजींना चार गोष्टी विचारतील अशी वाट किती पाहावयाची? म्हणून दुपारचे काम आटोपले की वही घेऊन मी एकेकीच्या ओसरीवर जाऊन बसू लागले.

पहिली अडचण आली ती वयाची. आपल्या गावातील निम्म्याहून अधिक म्हाताऱ्या बायकांचा जन्म, आधारकार्डाप्रमाणे, १ जानेवारीचा आहे! जन्माची नोंद कोठेच नसल्यामुळे कागद करणाऱ्याने तोंडाकडे पाहून साल ठरविले आणि तारीख सगळ्यांना एकच दिली. मळ्यातल्या आजींच्या कार्डावर १९५६ साल आहे. आता त्यांचा हिशेब ऐका. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. त्या वेळी आजी जात्यावर बसल्या होत्या. "जातं आपसूक हाललं बाय, मला वाटलं खुट्टाच निसटला. थोरला तवा पोटात हुता, सातवा म्हैना." म्हणजे कार्ड खरे मानले तर आजी अकराव्या वर्षी सात महिन्यांच्या गरोदर होत्या. एसटीत पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ सालापासून तिकीट नाही. पण या आजी खरसुंडीच्या यात्रेला निघाल्या की अर्धे तिकीट काढतात. कंडक्टरचा दोष नाही, त्याच्यापुढे कागद असतो. माझे म्हणणे इतकेच की, आजींचा भूकंप कागदापेक्षा अधिक विश्वासाचा आहे.

अशा खुणा प्रत्येकीजवळ आहेत. पेठेतल्या आजी सांगतात, "राज्याचं राज्य गेलं त्या साली मी दुसरीत हुते." राजा म्हणजे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. आपला आटपाडीचा मुलूख त्या काळी औंध संस्थानात होता आणि १९४८ साली ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजेसाहेबांना सूर्यनमस्कारांची मोठी आवड, म्हणून शाळांतून मुलामुलींना रोज सूर्यनमस्कार घालावे लागत. पेठेतल्या आजी अजून ओसरीवर बसल्या बसल्या हात वर करून तो प्रकार दाखवितात व स्वतःच हसतात. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. आजी तिसरीच्या पुढे गेल्या नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिल्या. ते भावंड पुढे मास्तर झाले. हे त्या फार अभिमानाने सांगतात. मला मात्र ऐकताना थोडा रागच आला.

परंतु सगळ्यांच्या बोलण्यात, कोठूनही सुरुवात केली तरी, गाडी शेवटी येऊन थांबते ती १९७२ सालावर. आपला माणदेश म्हणजे पावसाने पाठ फिरविलेला प्रदेश. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इकडे नुसता वारा येतो. व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसं' लिहिली ती याच मातीतील माणसांची. दुष्काळ येथे नवा नव्हता. पण त्या वेळी एकामागून एक वर्षे पाऊस चुकत गेला आणि बहात्तर साली तो फिरकलाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. खिल्लार बैल, ज्यांना घरच्या पोराप्रमाणे वाढविले, ते मिळेल त्या भावाने बाजारात गेले. मळ्यातल्या आजींच्या सासऱ्यांनी बैलजोडी विकून आल्यावर दोन दिवस अन्न घेतले नाही म्हणतात. पुरुषांपैकी कोणी मुंबईला हमालीस गेले, कोणी गलाईच्या धंद्यात नातेवाइकांच्या दुकानी गेले. सोनाराच्या दुकानातली धूळ व कचरा विकत घेऊन, आम्लात व भट्टीत गाळून सोनेचांदी वेगळी काढावयाची, असा तो धंदा. खानापूर-आटपाडीकडचे लोक त्यासाठी सबंध हिंदुस्थानभर पसरलेले आहेत. मागे घरी राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसे आणि पोरे.

मग सरकारने दुष्काळी कामे काढली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. कोठे रस्ता, कोठे खडी फोडणे, कोठे नालाबांध, कोठे पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आपल्या गावाला तलावाचे काम आले. आज ज्या बांधावरून आपण संक्रांतीला वाणवसा घेऊन जातो, तोच तो बांध.

तलाव कसा बांधतात हे मला ठाऊक नव्हते. या आजींनी मला ते एखाद्या ओव्हरसियरप्रमाणे समजावून सांगितले. आधी बांधाच्या मधोमध लांब चर खणावयाचा, तो मुरमाच्या खाली घट्ट जमीन लागेपर्यंत. त्यात चिकण काळी माती भरून वर आणावयाची. तो बांधाचा गाभा. त्याच्या दोन्ही अंगांस मुरूम. थर टाकला की पाणी शिंपडावयाचे व धुमसाने चोपावयाचे, मग दुसरा थर. पाण्याच्या बाजूस दगडांचे अस्तर लावावयाचे, एका टोकाला सांडवा ठेवावयाचा. माती जेथून काढली तेथे खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवीत. त्याच्या उंचीवरून किती खोल खणले ते मोजीत व त्यावर मजुरी. "रातीत पाऊस पडून त्यो खुंट ढासळला तर आमची मजुरी गेली," असे एकीने म्हणताच दुसरी म्हणाली, "पाऊस पडला असता तर मजुरीला गेलं असतं कोण?" यावर दोघी पुष्कळ वेळ हसल्या.

खणावयाचे पुरुषांनी, जेवढे गावात होते तेवढ्यांनी, आणि वाहावयाचे बायकांनी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. दिवसाला दोन-तीन रुपये पडत, तेही आठवड्याने. अंगठा उमटवावयाचा आणि पैसे घ्यावयाचे. मस्टरवर कित्येकींची स्वतःची नावे नव्हतीच. अमक्याची बायको, तमक्याची आई. मागच्या वर्षी मी माझ्या चुलतसासूबाईंना न्हाऊ घालीत होते, तेव्हा टाळूवर रुपयाएवढी जागा केसांवाचून गुळगुळीत लागली. मी विचारले, "आत्याबाई, हे काय हो?" त्या म्हणाल्या, "ती तलावाची जागा." लग्नाला इतकी वर्षे झाली, मला ठाऊक नव्हते, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही ना.

खाण्याचे हाल तर सांगू नयेत. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळे, तिला मिलो म्हणत. तिची भाकरी थापली की चिरे, तव्यावर टाकताना तुकडे होत. ती खाऊन पोट भरे पण जीव भरत नसे. हुलगे असतील त्या घरी माडगे शिजे, एकाच्या पिठात चौघांपुरते पाणी. कामावर सुकडी वाटत. ती बायका स्वतः खात नसत. पदराच्या गाठीत बांधून घरी म्हाताऱ्यांना नेत. लेकरांच्या झोळ्या बाभळीला टांगलेल्या असत व ज्यांच्याने पाटी उचलवत नाही अशा एखाद्या म्हातारीला राखण करावयास बसवीत. एका बाईचे तर बाळंतपण बांधावरच झाले. लुगड्यांचा आडोसा करून बायकांनी ते पार पाडले, आणि बाराव्या दिवशी ती बाई पुन्हा पाटीला आली. त्या बांधावर जन्मलेल्या मुलाचे आज तमिळनाडूत गलाईचे दुकान आहे आणि त्याला सून आली आहे.

एक गोष्ट लिहावी की लिहू नये असा मला प्रश्न पडला होता. ती पाण्याच्या पिंपाची. कामावर टाकीने पाणी येई. पेठेतल्या व वरच्या आळीतल्या आजी सांगतात, "दुष्काळानं सगळी सारखी केली, कुणी भेद पाळला न्हाय." बौद्धवस्तीतल्या आजी मात्र सांगतात की, पहिले काही आठवडे त्यांना पिंपाला हात लावू देत नसत, ओंजळ धरावयाची आणि वरून कोणीतरी ओतावयाचे. ज्या दिवशी ओतणारी बाई कामावर नसे त्या दिवशी तहान तशीच ठेवून पाट्या वाहावयाच्या. पुढे एक मुकादम आला, त्याने पिंपावर पळी बांधली व सांगितले, ज्याला तहान लागेल त्याने घ्यावे. मी दोघींचेही लिहून घेतले आहे. पण जिने ओंजळ धरली तिचे मला खरे वाटते, कारण ज्याच्या घशाला कोरड पडली ती गोष्ट तो विसरत नाही. पेठेतल्या आजी खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. त्यांनी तिकडे पाहिलेच नसेल. मी हे वाचून दाखविले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "लिव्ह. असंल तसं."

तरी इतके खरे की, ज्या घरच्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नसत त्याही त्या वर्षी पाटीला आल्या. सुरुवातीस त्या तोंडावर पदर ओढून, पहाटे अंधारात येत व दिवेलागणीनंतर परतत. महिन्याभराने पदर आपोआप वर गेला. मजुरीत बाईला एक भाव व पुरुषाला दुसरा असे नव्हते. माप मोजून पैसे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याने मिळविलेला पैसा हातात आला, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येकीने मला न विचारता सांगितली. त्या पैशाचे काय केले? एकीने पिठाच्या गिरणीची उधारी फेडली. एकीने मिठाचा खडा आणि राहिलेल्याचे कुंकू आणले. एकीचे पैसे दिराने घेतले.

याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग १९६५ साली केला तो आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. राज्याचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यावरून २००५ साली केंद्रानेही देशासाठी कायदा केला. या योजनेचा इतिहास सांगताना पुढाऱ्यांची नावे येतात आणि ती यावीतही. पण मागेल त्याला काम द्यावे लागते, हे सरकारला पटले ते उन्हात पाट्या घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांकडे पाहून, असे माझे मत आहे.

१९७३ च्या पावसाळ्यात पाऊस आला. तलावात पहिले पाणी साचले तेव्हा गाव बघायला लोटला. आजी सांगतात, कोणीतरी खणानारळाने ओटी भरली व मग सगळ्यांनीच भरली. नारळ परवडत नव्हते म्हणून एकच नारळ पाळीपाळीने! खालच्या अंगाच्या विहिरींना हळूहळू पाझर लागला. तेथेच पुढे डाळिंबाच्या बागा झाल्या.

त्यानंतरही दुष्काळ आले. २००३ सालचा, २०१२-१३ सालचा, २०१८ सालचा तर आपण सर्वांनीच भोगला. जनावरांच्या छावणीवर आपल्यातल्या कित्येकजणी मुक्कामाला होत्या. पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा भरविल्या, त्यांना आपल्या गावच्या बायका ट्रकने जात. अखेर टेंभूचे पाणी तालुक्यात आले. मधल्या एका कोरड्या वर्षी तलावातला गाळ काढावयास यंत्र आले होते. सकाळपासून मळ्यातल्या आजी काठावर बसून पाहत होत्या. दुपारी यंत्रवाल्याला म्हणाल्या, "बाबा, त्या अंगाला खोल जाऊ नगंस, तिथं गाभ्याची माती हाय. म्या टाकलीया." तो हसला, पण त्याने यंत्र सरकवून घेतले.

सांडव्याजवळ एक दगड आहे. त्यावर खात्याचे नाव व तलावाचे साल कोरलेले आहे, दुसरे काही नाही. मस्टरे आता गावात कोणापाशी नाहीत. म्हणून मी वहीत नावे लिहिण्यास सुरुवात केली आहे. अमक्याची बायको असे नव्हे. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि कोणत्या वस्तीवरची, असे. दोन पाने भरली आहेत. त्यांतील बऱ्याच जणी आता हयात नाहीत, त्यांची नावे राहिलेल्यांनी आठवून सांगितली. झोळ्या राखणाऱ्या त्या म्हातारीचे नाव मात्र अजून कोणाला आठवले नाही. सगळ्या तिला नुसती "आई" म्हणत. ती कोणाच्या घरची होती हे कोणास ठाऊक असेल, किंवा आपल्या सासूचे, आईचे, आत्याचे नाव राहिले असेल, तर शनिवारी भजनाच्या वेळी येऊन सांगावे. वही मंडळाच्या कपाटात, हिशेबाच्या पुस्तकाखाली ठेवली आहे.