तहान लागल्यावर खणलेली विहीर

मुरुम हे उमरगा तालुक्यातले, कर्नाटकच्या सीमेजवळचे गाव. या भागात मातीखाली काळा पाषाण आहे. विहीर पाडायची तर सुरुंग लावून खडक फोडावा लागतो, आणि इतके करूनही पाणी लागेलच याची शाश्वती नसते. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ हा वाक्प्रचार अशा भूमीत उच्चारला जातो, तेव्हा त्यातली विहीर केवळ अलंकार राहत नाही. ते काम किती दिवसांचे आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

हीच प्रतिमा चिनी भाषेतही आहे. तिथे चार अक्षरांच्या एका रूढ उक्तीचा अर्थ नेमका हाच: ऐन तहानेच्या वेळी विहीर खणणे. तिचे मूळ ‘ह्वांगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात, ऋतूनुसार आचरण सांगणाऱ्या प्रकरणात सापडते. रोग बळावल्यावर औषधयोजना करणे म्हणजे तहानेनंतर विहीर खणणे, लढाई जुंपल्यावर शस्त्रे घडवणे, असा तिथला आशय आहे. आयुर्वेदातील ऋतुचर्या परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये.

ही उक्ती सहज इंग्रजीत आणायची कशी? शब्दशः भाषांतर केले तर अर्थ कळतो, पण ती इंग्रजांची म्हण होत नाही. घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावणे, ही त्यांची रूढ म्हण वापरावी, तर आपल्या ‘बैल गेला आणि झोपा केला’ची आठवण होते. पण इथे एक सूक्ष्म फरक निसटतो. जनावर गेल्यावर केलेला बंदोबस्त त्या जनावरापुरता व्यर्थ असतो. विहिरीचे तसे नाही. तहान अजून शिल्लक आहे आणि विहीरही खणावीच लागणार आहे. एकीकडे व्यर्थता आहे, दुसरीकडे विलंब. तिसरा मार्ग उपदेशाचा: ‘तहानेआधी विहीर खणा.’ यात चूक काही नाही, मात्र मूळच्या टोमण्याचे हितोपदेशात रूपांतर होते. त्याही पुढे जाऊन ‘सज्ज असणाऱ्यालाच संधी लाभते’ असे म्हटले, की पाणी पूर्ण आटते. हे वाक्य तर लुई पाश्चरच्या १८५४ मधील एका विधानाच्या अधिक जवळचे आहे, आणि पाश्चर बोलत होता तो निरीक्षणावर आधारलेल्या शास्त्रांविषयी.

रेव्हरंड ए. मॅनवेरिंग यांनी १८९९ साली ऑक्सफर्डहून मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, तेव्हा प्रतिमा राखावी की आशय, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. म्हणींच्या प्रत्येक भाषांतरकाराला तो सोडवावाच लागतो. तो केवळ शैलीचा नाही, कारण प्रतिमेबरोबर दोषारोपाचा रोखही बदलतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्यांना ‘तयारी का केली नाही’ असे विचारणे क्रूर ठरले असते. आधी विहीर खणायलाही जमीन लागते, पैसा लागतो, एक बरा हंगाम लागतो. म्हण हे बोलत नाही. संधीची भाषा तर ते झाकूनच टाकते.

याच दुष्काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा प्रयोग १९६५ च्या सुमारास तासगाव भागात झालेला होता. दुष्काळ आला तेव्हा ती कल्पना हाताशी होती. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. पागे यांची विहीर तहानेआधीची म्हणावी, तर कायद्याची तहानेनंतरची. पण उशिरा खणलेली विहीरही पुढच्या तहानेच्या आधीचीच असते. घोड्याच्या म्हणीत हा अर्थ मावत नाही. म्हणून भाषांतर किंचित परके वाटले तरी चालेल, विहीर मात्र राहू द्यावी.