पित्ताशयोच्छेदन व शरीररचनेतील भेद

पित्ताशयोच्छेदन व शरीररचनेतील भेद : यकृताच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटलेले पित्ताशय शस्त्रक्रियेने काढून टाकणे यास पित्ताशयोच्छेदन म्हणतात. पित्ताश्मरी (पित्तातील घटक साचून बनणारे खडे) व तीमुळे उद्‌भवणारा पित्ताशयशोथ (पित्ताशयाची दाहयुक्त सूज) ही या शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. पित्ताशयावाचून मनुष्य सहज जगू शकतो. त्याला लागून जाणाऱ्या समाईक पित्तवाहिनीवाचून मात्र नाही. यकृतात तयार होणारे सर्व पित्त तिच्यातूनच ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) उतरते. पित्ताशयवाहिनी समजून ती कापली गेल्यास कावीळ, पित्तमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग व कालांतराने यकृताचा कायमचा बिघाड संभवतो. या शस्त्रक्रियेचा इतिहास हा बव्हंशी ही एक चूक टाळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

जॉन बॉब्झ यांनी १८६७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे पित्ताशय उघडून खडे काढले. पण पित्ताशय जागेवरच ठेवले. संपूर्ण पित्ताशय काढण्याचे श्रेय कार्ल लांगेनबुख (१८४६–१९०१) या जर्मन शस्त्रवैद्यांना दिले जाते. शवांवर पुष्कळ सराव करून १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात त्यांनी ही शस्त्रक्रिया केली. पित्ताशयात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे तयार करते म्हणून काढावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. झां फ्रांस्वा कालो (१८६१–१९४४) यांनी १८९० मधील आपल्या प्रबंधात पित्ताशयवाहिनी, समाईक यकृतवाहिनी व पित्ताशय रोहिणी यांनी सीमित झालेला त्रिकोण वर्णिला. त्याची वरची सीमा पुढे यकृताच्या कडेपर्यंत वाढविण्यात आली. शस्त्रवैद्याची खरी कसोटी याच चिंचोळ्या जागेत लागते.

पाठ्यपुस्तकातील आकृतीप्रमाणे पित्ताशयवाहिनी उजवीकडून येऊन यकृतवाहिनीस मिळते. प्रत्यक्षात ती कधी यकृतवाहिनीला चिकटून बरेच अंतर समांतर जाते, कधी तिला मागून वळसा घालून डावीकडे उघडते, तर कधी इतकी आखूड असते की, पित्ताशय थेट मुख्य वाहिनीवरच बसल्यासारखे दिसते. यकृताच्या उजव्या भागाचे पित्त आणणारी एखादी शाखा खाली उतरून पित्ताशयवाहिनीतच मिळत असेल, तर धोका अधिक. रोहिण्यांची स्थिती निराळी नाही. निकोलस मिशेल्स यांनी केलेल्या २०० शवविच्छेदनांत यकृत रोहिणीची ‘नेहमीची’ मांडणी सुमारे ५५ टक्क्यांतच आढळली. म्हणजे ज्याला अपवाद म्हणावयाचे, तो जवळजवळ निम्म्या माणसांत असतो. उजवी यकृत रोहिणी पित्ताशयाजवळ सुरवंटाच्या पाठीसारखा बाक घेत असल्यास ती पित्ताशय रोहिणी समजून बांधली जाण्याचा संभव असतो. हा बाक बर्कली मॉयनिहन (१८६५–१९३६) यांच्या नावाने ओळखला जातो.

जोड पित्ताशय (सुमारे चार हजारांत एक), डाव्या बाजूचे पित्ताशय, उदरातील सर्व अवयवांची उलटापालट या विकृती ग्रंथांत अधिक जागा अडवितात. ॲक्टियमच्या विजयदिनी ऑगस्टसने बळी दिलेल्या पशूत दोन पित्ताशये सापडल्याची नोंद प्लिनीनेही केली आहे. तथापि अशा ठळक विकृती बहुधा आधीच लक्षात येतात व शस्त्रवैद्य सावध होतो. घात होतो तो वरवर नेहमीच्या दिसणाऱ्या रचनेत.

या चुकीचे मोल किती असते, हे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या उदाहरणावरून दिसते. १९५३ मध्ये लंडन येथे पित्ताशय काढताना त्यांच्या पित्तवाहिनीस इजा झाली. ती सुधारण्यासाठी त्याच वर्षी बॉस्टन येथे रिचर्ड कॅटेल यांच्याकडून पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तरीही पित्तमार्गाच्या संसर्गाने येणाऱ्या तापाने त्यांची पाठ सोडली नाही. पुढे पंतप्रधान झाल्यावर १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगातही त्यांना हा त्रास होत होता आणि जानेवारी १९५७ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांनी पद सोडले.

अर्जेंटिनाचे पाब्लो मिरिझी (१८९३–१९६४) यांनी १९३१ मध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच पित्तमार्गात क्ष-किरण रोधी द्रव्य सोडून त्याचे चित्रण केले. त्यामुळे कापण्यापूर्वी वाहिन्यांचा आराखडा पाहण्याची सोय झाली.

उदरदर्शकाच्या (लॅपरोस्कोपच्या) वापराने प्रश्न पुन्हा उभा राहिला. एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीतील बब्लिंगेन येथे व फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये लीआँ येथे या पद्धतीने पित्ताशय काढले. म्यूहे यांची त्यांच्या देशातील शस्त्रवैद्यांनी प्रारंभी उपेक्षाच केली. भारतात तेहेम्टन उदवाडिया (१९३४–२०२३) यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया केली. रुग्णाच्या वेदना व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला. परंतु पित्तवाहिनीच्या इजांचे प्रमाण, जे पूर्वी दर हजारी एक-दोन होते, ते सुरुवातीच्या काळात चार ते सहांपर्यंत गेले. पित्ताशय ताणले असता दोन्ही वाहिन्या एका रेषेत येतात आणि प्राकृत रचनाही अप्राकृत होते. लॉरेन्स वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ इजांची छाननी केली. त्यांपैकी ९७ टक्क्यांत मूळ कारण दृष्टिभ्रम हे होते. हाताचे कौशल्य कमी पडले नव्हते. डोळ्याने भलत्याच वाहिनीला पित्ताशयवाहिनी मानले होते.

स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धती याच भ्रमावर उपाय आहे. तीनुसार त्रिकोणातील मेद व तंतुमय ऊतक पूर्णपणे काढावयाचे, पित्ताशयाचा खालचा सुमारे एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवावयाचा आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन, केवळ दोनच, रचना दिसल्यावाचून काहीही कापावयाचे नाही. सर्व भेद पाठ असण्याची अपेक्षा ही पद्धती करीत नाही, हे तिचे मोठेपण. तिसरी नळी दिसली की थांबावयाचे, ती कोणती हे नंतर ठरवावयाचे. यकृताच्या उजव्या भागावरील रूव्हिएर खाच बहुतेकांत आढळते. तिच्या पातळीच्या वरच राहून विच्छेदन केल्यास मुख्य वाहिनी सुरक्षित राहते. २००९ पासून हिरव्या रंजकद्रव्याच्या अनुस्फुरणाने वाहिन्या उजळून पाहण्याची पद्धतीही प्रचारात येऊ लागली.

तीव्र शोथाने त्रिकोण गोठून गेला असल्यास हे दर्शन मिळत नाही. अशा वेळी पोट उघडणे हा एक मार्ग आहे. पण दाट चिकटलेल्या ऊतकांत तोही निर्धोक नसतो. म्हणून खडे काढून पित्ताशयाचा वाहिनीलगतचा भाग तसाच ठेवण्याचा अंशतः उच्छेदनाचा मार्ग पत्करतात. त्यानंतर काही दिवस पित्तस्राव होऊ शकतो, तसेच उरलेल्या भागात क्वचित पुन्हा खडे होतात. पूर्वी अपुरी समजली जाणारी ही शस्त्रक्रिया आता अशा प्रसंगी योग्य निर्णय मानली जाते.